पाच भयकथा आणि एक इन्फिनिट लूप : 'डेड ऑफ नाइट' नेमका चालतो कसा?

दोन वर्षांपूर्वी ऑन-कॉल ड्युटीच्या एका रात्री मी 'डेड ऑफ नाइट' पहिल्यांदा पाहिला. सर्व्हर शांत होते, पण झोपायची सोय नव्हती. रूममेटनं त्याच्या हार्ड डिस्कवरच्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइट चित्रपटांच्या फोल्डरमधून हा काढून दिला. चित्रपट मस्त चालला होता, आणि शेवटच्या काही मिनिटांत माझा पार गोंधळ उडाला. जी मुलगी तोवर नुसती बसून इतरांच्या गोष्टी ऐकत होती, ती एकदम नायकाला लपवायला घेऊन निघाली. आजूबाजूला कुठल्याशा पार्टीतली मुलं. कसली पार्टी? लपायचं कशासाठी? मला वाटलं, मधे आपल्याला डुलकी लागली असणार. मागे जाऊन तपासलं. डुलकी लागलेली नव्हती.

चूक माझी नव्हती आणि दिग्दर्शकाचीही नव्हती. ती कुणाची, ते पुढे येईलच. पण त्या गोंधळामुळे मी हा चित्रपट एखादी बिघडलेली सिस्टीम उघडून बघावी तसा बघायला लागलो. सुट्या गोष्टी एकत्र बांधलेला चित्रपट आतून कसा चालतो, हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. आधीच सांगतो, या लेखात शेवट सांगितलेला आहे. त्याशिवाय समजावता येणार नाही. पाहायचा असेल तर आधी पाहून या.

चित्रपट १९४५ चा, लंडनच्या ईलिंग स्टुडिओजचा. निर्माते मायकल बाल्कन. दिग्दर्शक एक नाही, चार : अल्बेर्टो कॅव्हलकांती, चार्ल्स क्रायटन, बेसिल डिअर्डन आणि रॉबर्ट हेमर. म्हणजे चार जणांनी वेगवेगळी मोड्यूल्स लिहिली आणि शेवटी ती एका मेन प्रोग्रॅममध्ये जोडली. हा मेन प्रोग्रॅम डिअर्डननं केला.

तो असा. वॉल्टर क्रेग नावाचा आर्किटेक्ट गाडी घेऊन एका खेडेगावातल्या घरी येतो. घराच्या दुरुस्तीचं काम आहे, मालकानं वीकेंडला बोलावलंय. गाडीतून घर दिसताच तो थांबतो, जरा चक्रावतो. आत गेल्यावर सगळ्यांना सांगतो, तुम्हाला मी ओळखतो, तुम्ही सगळे माझ्या स्वप्नात येता. नेहमीचंच स्वप्न, आणि त्याचा शेवट वाईट होतो. जमलेल्या पाहुण्यांपैकी एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत, डॉ. व्हॅन स्ट्रातेन. ते हसण्यावारी नेतात. बाकीचे मात्र म्हणतात, असं काहीतरी माझ्याही बाबतीत झालं होतं बरं का. आणि एकेक जण आपली गोष्ट सांगायला लागतो.

गोष्टीत गोष्ट, हे आपल्याला नवीन नाही. वेताळ पंचविशी आठवा. विक्रम राजा झाडावरून प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकतो, वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी कोडं घालतो. राजा उत्तर देतो, मौन मोडतं, वेताळ परत झाडावर. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना मी व्हाइल लूप याच उदाहरणानं समजावतो. 'राजाला उत्तर येतंय तोवर पुन्हा सुरू' ही अट, आणि शेवटच्या कोड्याला राजाला उत्तर सुचत नाही तिथे लूपमधून सुटका. मात्र एक गोष्ट नीट बघा. वेताळ सांगतो त्या गोष्टींतला एकही राजपुत्र किंवा ब्राह्मण उठून स्मशानात येत नाही. आतली गोष्ट आत, बाहेरची बाहेर. मधली एखादी गोष्ट गाळली तरी विक्रमाचं काही अडत नाही, एक फेरा कमी एवढंच. २००३ चा हिंदी 'डरना मना है' पाहिलाय का? जंगलात गाडी बंद पडलेले मित्र एकमेकांना गोष्टी सांगतात. १९८२ चा 'क्रीपशो' आहे, त्यात एका कॉमिक बुकची पानं उलटत जातात. यातल्या बहुतेक गोष्टी सुट्या काढून बघितल्या तरी चालतात.

'डेड ऑफ नाइट' पहिला सव्वा तास तुम्हाला असंच वाटायला लावतो. इथेच त्याची चलाखी आहे.

गोष्टी

पहिली गोष्ट एका रेसिंग ड्रायव्हरची. अपघातानंतर इस्पितळात असताना तो रात्री पडदा सरकवतो, तर बाहेर लख्ख दिवस आणि खाली प्रेत न्यायची घोडागाडी उभी. गाडीवान वर बघून म्हणतो, आत एकाची जागा आहे. बरा होऊन तो बसस्टॉपवर येतो, तर बसचा कंडक्टर म्हणजे तोच माणूस, आणि वाक्यही तेच. हा बस सोडतो. पुढे त्या बसचं काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. ई. एफ. बेन्सनच्या कथेवरून घेतलेली ही गोष्ट छोटी आणि नेमकी आहे.

दुसरी सॅलीची. नाताळच्या पार्टीत लपाछपी खेळताना ती एका मोठ्या वाड्यात वरच्या मजल्यावर भरकटते. तिथे रडणारा एक लहान मुलगा भेटतो. ती त्याला थोपटून झोपवते. खाली आल्यावर कळतं की या मुलाचा खून फार पूर्वी झालेला आहे. यातलं मुलाचं आणि त्याच्या बहिणीचं नाव १८६० मध्ये इंग्लंडमध्ये खरोखर घडलेल्या एका खुनाच्या प्रकरणातलं आहे. ही गोष्ट अगदी हळू आवाजात सांगितलीय.

तिसरी आरशाची, दिग्दर्शक हेमर. माझ्या मते पूर्ण चित्रपटात सगळ्यात काटेकोर बांधलेली. जोन तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, पीटरला, जुन्या वस्तूंच्या दुकानातला एक आरसा भेट देते. पीटरला त्यात स्वतःची खोली दिसत नाही. दिसते एक जुनी शयनगृहाची खोली, पलंग, पेटलेली शेकोटी. जोन शेजारी उभी असूनही आरशात दिसत नाही. आम्ही ज्याला स्टेल कॅशे म्हणतो, म्हणजे मूळ माहिती बदलली तरी जुनीच प्रत दाखवत राहणारी मेमरी, तसा हा आरसा आहे. शंभर वर्षांपूर्वी त्याच्यासमोर जे घडलं ते त्यात अडकून बसलंय : संशयी नवऱ्यानं बायकोचा गळा दाबला आणि स्वतःचाही जीव घेतला. कॅशेनं जुनी खोली दाखवली तर फार तर वैताग येतो. इथे ती जुनी प्रत ताज्या माहितीवर लिहायला लागते. पीटर हळूहळू त्या नवऱ्यासारखा बोलायला लागतो आणि जोनवर धावून जातो. झटापटीत जोनलाही आरशात ती खोली दिसते. ती हाताला लागेल ती वस्तू उचलून आरसा फोडते. कॅशे क्लिअर. हेमरनं यात एकही दचकवणारा आवाज टाकलेला नाही. आरशाची चौकट कॅमेऱ्यासमोर तशीच धरून ठेवलीय आणि आपल्यालाच बघत बसायला लावलंय.

चौथी दोन गोल्फ खेळणाऱ्या मित्रांची, विनोदी, एच. जी. वेल्सच्या कथेवरून. भुताला गायब व्हायची खूणच आठवत नाही, असा मामला. मला ही फारशी रुचली नाही. सगळ्यात सैल भाग हाच.

पाचवी मात्र अनेकांच्या लक्षात राहिलेली, आणि ती सांगतात खुद्द डॉक्टर. मॅक्सवेल फ्रियर हा शब्दभ्रमकार, त्याचा बोलका बाहुला ह्यूगो. आपल्याकडे रामदास पाध्ये यांच्यामुळे ही कला घराघरात माहीत आहे. अर्धवटराव काय बोलतो याकडे आपण कान लावून बसतो आणि बोलणारा माणूस शेजारीच बसलाय हे विसरून जातो. यामागचं कारण गमतीदार आहे. शब्दभ्रमकार आवाज 'फेकत' नाही, तसं करताच येत नाही. आपला मेंदू कानापेक्षा डोळ्यावर जास्त भरवसा ठेवतो. ओठ ज्याचे हलताना दिसतात, आवाज त्याचा, असं तो ठरवून टाकतो. टीव्हीचा स्पीकर खाली किंवा मागे असतो, तरी आवाज पात्राच्या तोंडातूनच आल्यासारखा वाटतो ना? तेच. संशोधनातही या परिणामाला शब्दभ्रमाचंच नाव आहे. कॅव्हलकांतीनं याच सवयीवर डाव टाकलाय. ह्यूगो बोलतो तेव्हा आपण फ्रियरकडे बघत नाही, आणि मग एका क्षणी खात्रीनं सांगता येत नाही की कोण कुणाला बोलवतंय. ह्यूगोला दुसऱ्या एका शब्दभ्रमकाराकडे जायचंय, फ्रियर त्याच्यावर गोळी झाडतो, तुरुंगात जातो, ह्यूगोला चिरडतो. शेवटी वेड्यांच्या इस्पितळात फ्रियर तोंड उघडतो तेव्हा आवाज ह्यूगोचा येतो. मायकल रेडग्रेव्हचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा आहे. 'झपाटलेला'मधल्या तात्या विंचूला पाहून लहानपणी मी उशी तोंडावर घ्यायचो, पण तात्या विंचू निदान स्वतःच्या जोरावर चालायचा. ह्यूगोच्या बाबतीत तेवढाही दिलासा नाही.

डॉक्टर म्हणजे ट्राय-कॅच

आता जोडणी बघू. प्रत्येक गोष्ट संपली की डॉ. व्हॅन स्ट्रातेन तिचं स्पष्टीकरण देतात. अपघाताचा धक्का, तापात दिसलेला भास, नवऱ्याचा आजार बायकोनं ओढवून घेणं. कोडमध्ये आम्ही नेमकं हेच करतो. जिथे काही उलटसुलट होऊ शकतं तो भाग 'ट्राय'मध्ये ठेवायचा आणि गडबड झालीच तर 'कॅच'मध्ये झेलायची, म्हणजे प्रोग्रॅम कोसळत नाही. डॉक्टर हे त्या घराचं कॅच. त्यांच्यामुळे आपण निवांत असतो. भूत झेललं जातंय, पुढची गोष्ट येऊ दे.

पण क्रेगनं आधीच सांगून ठेवलंय की डॉक्टरांचा चष्मा फुटेल आणि तिथून सगळं बिनसेल. चष्मा फुटतो. शिवाय पाचवी गोष्ट डॉक्टर स्वतःच सांगतात, आणि तिचं धड स्पष्टीकरण त्यांच्याकडे नाही. झेलणाऱ्यानंच चेंडू टाकला. मग सगळे आत जातात, खोलीत क्रेग आणि डॉक्टर दोघंच उरतात, आणि क्रेग त्यांचा गळा दाबतो.

यानंतर जे होतं ते वेताळ पंचविशीत होत नाही. क्रेग पळतो, आणि पळत पळत थेट त्या गोष्टींच्या आत शिरतो. सॅलीच्या नाताळ पार्टीत. आरशातल्या खोलीत. ह्यूगोच्या नाइट क्लबमध्ये. तुरुंगाच्या कोठडीत, जिथे ह्यूगो उठून चालत येतो आणि त्याच्या गळ्याला हात घालतो. प्रोग्रॅमिंगमध्ये स्कोप नावाची कल्पना आहे. फंक्शनच्या आत तयार केलेली गोष्ट आतच राहते, काम संपलं की पुसली जाते, बाहेरच्याला ती दिसत नाही. आपण सव्वा तास याच भरवशावर बसलेलो असतो की त्या गोष्टी सांगून झाल्या, पुसल्या गेल्या. त्या पुसल्या गेलेल्याच नव्हत्या. सगळ्या मेमरीत तशाच शाबूत होत्या.

आणि इथे माझ्या त्या रात्रीच्या गोंधळाचं उत्तर आहे. अमेरिकेत चित्रपट लावताना तिथल्या वितरकांनी लांबी कमी करायला दोन गोष्टी काढून टाकल्या : नाताळची आणि गोल्फची. त्यांना वाटलं असणार, सुट्या गोष्टी आहेत, दोन कमी केल्या तर काय बिघडतं. बिघडलं ते शेवटी. शेवटचं दुःस्वप्न त्या गोष्टींकडे बोट दाखवतं आणि तिथे काहीच नाही. आमच्या भाषेत डँगलिंग रेफरन्स, पत्ता आहे पण घर पाडलेलं. तिथले तेव्हाचे प्रेक्षकही असेच गोंधळले होते. माझ्या रूममेटकडची प्रत या कापलेल्या आवृत्तीची होती.

हे कळल्यावर मला त्या वितरकांवर फार रागावताही आलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक जुनं फंक्शन काढून टाकलं होतं. पूर्ण कोडमध्ये शोधलं, कुणीच ते वापरत नव्हतं. टेस्ट पास झाल्या, सीनियरनं पाठ थोपटली. महिन्याच्या १ तारखेला एका क्लायंटच्या शंभरेक कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या स्लिपा कोऱ्या निघाल्या. त्या फंक्शनचं नाव एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेलं होतं आणि महिन्यातून एकदाच ते तिथून बोलावलं जायचं. जोडणी होती, फक्त मी शोधलं तिथे नव्हती. त्या दिवशी रात्री साडेअकरापर्यंत बसून मी स्लिपा पुन्हा काढल्या. तेव्हापासून 'हे कुठे वापरलं जात नाही' असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो.

लूप, पण अर्धवट आठवणारा

ह्यूगोचे हात गळ्याला लागतात आणि फोनची घंटा वाजते. क्रेग स्वतःच्या बिछान्यात जागा होतो. स्वप्न. फोनवर एक अनोळखी गृहस्थ त्याला कामासाठी गावच्या घरी बोलावतात. बायको म्हणते, जा की, वीकेंडला बाहेर पडलास तर ती स्वप्नं थांबतील. पुढच्या दृश्यात गाडी, तोच रस्ता. घर दिसतं. तो थांबतो, जरा चक्रावतो. श्रेयनामावली याच दृश्यांवर येते.

इन्फिनिट लूप म्हणून इथे थांबता येईल, पण खरी भीती लूपमध्ये नाही असं मला वाटतं. प्रत्येक फेऱ्याला क्रेगची पाटी पूर्ण कोरी झाली असती तर त्याला भीती वाटलीच नसती. प्रत्येक वीकेंड त्याला नवा. उलट सगळं लख्ख आठवत असतं तर त्यानं गाडी वळवली असती आणि चित्रपट संपला असता. क्रेगला आठवतं ते तुकड्यांनी, आणि जेमतेम आधी. दार उघडायच्या क्षणभर आधी आठवतं की आता दारातून एक सावळ्या केसांची बाई येणार आणि तिच्याकडे पैसे नसणार. वेबसाइटवर तुम्ही खाली सरकता तसतसे फोटो लोड होतात ना, त्याला आम्ही लेझी लोडिंग म्हणतो. क्रेगची आठवण तशी आहे. पानाच्या तळाशी काय आहे हे कळायला तळापर्यंत जावंच लागतं, आणि तिथे पोचल्यावर परतायला वेळ नसतो. पूर्ण चित्रपट या एका सेटिंगवर उभा आहे. ते इकडे किंवा तिकडे जरा हललं तर उरेल ती साधी भुताची बैठक.

एका सिनेमातून विश्वाची कल्पना

ही पुढची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला थाप वाटली होती, पण ती खरी आहे. महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी रडारवर एकत्र काम केलेले तीन शास्त्रज्ञ, फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड, युद्धानंतर केंब्रिजमध्ये हा चित्रपट पाहायला गेले. बाहेर पडल्यावर चर्चा सुरू झाली आणि गोल्डनं विचारलं की विश्वही असंच असेल तर?

असंच म्हणजे कसं? सर्क्युलर लिंक्ड लिस्ट डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक डबा पुढच्या डब्याला जोडलेला, आणि शेवटचा पुन्हा पहिल्याला. मग पहिला कुठला? कुठलाही. क्रेगच्या कहाणीला 'सुरुवात' अशी जागा नाही, तुम्ही कुठूनही आत शिरू शकता. हलचाल आहे, घटना आहेत, तरी एकूण चित्र तेच. १९४८ मध्ये तिघांनी मांडलेला स्थिर स्थितीचा सिद्धांत अक्षरशः वर्तुळाकार नाही. त्यात विश्व तेच ते पुन्हा घडवत नाही. तो जास्त दादरच्या प्लॅटफॉर्मसारखा आहे. माणसं सतत जातात, नवी येतात, चेहरे बदलत राहतात, पण कधीही फोटो काढा, गर्दी तेवढीच. विश्व प्रसरण पावतं, आकाशगंगा दूर जातात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत अतिशय संथपणे नवं द्रव्य तयार होत राहतं. त्यामुळे घनता तीच, आणि आरंभाची गरज नाही.

चित्रपट हा पुरावा नव्हता, नुसती ठिणगी. विरुद्ध बाजूच्या कल्पनेला 'बिग बँग' हे नाव १९४९ मध्ये रेडिओवरच्या भाषणात दिलं तेही हॉइल यांनीच. पुढे १९६४-६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना अमेरिकेत एका अँटेनात कुठल्याही दिशेनं सारखीच येणारी खरखर सापडली. त्यांनी अँटेनातली कबुतरांची घाण साफ करून पाहिली, खरखर तशीच. ती विश्वाच्या उष्ण बाल्यावस्थेची शिल्लक आहे, हे बहुतेकांना पटलं आणि स्थिर स्थिती मागे पडली.

बहुतेकांना, सगळ्यांना नाही. हॉइल यांचे विद्यार्थी होते कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. १९६४ मध्ये दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, आणि १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी स्थिर स्थितीची सुधारलेली आवृत्ती आणली. शाळेत असताना विज्ञान दिनाला मी पुण्यात आयुकामध्ये गेलो होतो आणि नारळीकर सरांना मुलांच्या घोळक्यात लांबून पाहिलं होतं. या माणसाच्या आयुष्यभराच्या कामामागे कुठेतरी एका भुताच्या सिनेमाचं तिकीट आहे, हे तेव्हा माहीत असतं तर मी नक्की पुढे घुसून विचारलं असतं. मे २०२५ मध्ये सर गेले. विचारायचं राहूनच गेलं.

त्यांच्या बातम्या वाचल्या त्या आठवड्यात मी पूर्ण आवृत्ती मिळवून चित्रपट पुन्हा लावला. या वेळी सॅली क्रेगला लपवायला घेऊन निघाली तेव्हा ती कुठे नेतेय हे मला माहीत होतं, आणि अंगावर सरसरून काटा आला. प्लेयर रिपीटवर राहिला होता. नावं संपली, पडदा काळा झाला, पुन्हा नावं आली, गाडी आली, क्रेग थांबला. मी चहा ठेवायला उठलो होतो. रूममेट लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत अधूनमधून वर बघत होता. पंधराएक मिनिटांनी त्यानं विचारलं, "अरे, हा माणूस अजून त्या घरातच आहे?"